ठकू माझ्यावर बसली तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे, पण मोठ्या माणसांना माझ्यात बसता येत नाही. हौसेने बसायला गेलेच, तर अडकून बसतील. मी लहान मुलांची उंच खुर्ची आहे. माझे पाय लांब आणि खाली फाकलेले आहेत, पोटाशी बांधायला एक पट्टा आहे आणि समोर पुढेमागे सरकणारी एक फळी आहे. या फळीवर वाटी ठेवायची, मग ती उपडी करायची आणि मग चमचा आपटायचा, असा माझ्याकडच्या पाहुण्यांचा रिवाज आहे.

मित्रांनो, मला एका सुताराने घडवले. पाय जोडून झाल्यावर त्याने मला फरशीवर उभे केले, दोन्ही हातांनी जोर देऊन हलवून पाहिले आणि बायकोला हाक मारली, "बघ गं, आता यात हत्तीचं पिल्लू बसलं तरी चालेल." हत्तीचे पिल्लू काही आले नाही, पण पुढे जी बाळे आली त्यांतली काही त्याच्या तोडीची होती.

सुताराकडून मी थेट एका छोट्या हॉटेलात आले. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, आत मोजकी टेबले आणि मागे स्वयंपाकघर. इथे आग्नेय आशियातले पदार्थ मिळतात आणि त्यांतल्या बहुतेकांत नारळ असतो. सकाळी नारळ फुटू लागले की त्याचा हादरा माझ्या पायांपर्यंत येतो. मग खोवणे, वाटणे, पिळणे सुरू होते. दाट दूध वेगळे, पातळ दूध वेगळे. पातळ दुधात गवती चहाची पाती उकळतात, दाट दूध अगदी शेवटी घालतात. त्या वासाने रस्त्यावरची माणसे थबकतात आणि काचेला नाक लावून आत बघतात. मी रोज तोच वास घेते आणि तरी रोज हरखते.

माझी पहिली वर्षे फार लाडात गेली. हॉटेलचे मालक स्वतःच आचारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काका मला स्वतःच्या हाताने पुसत. "बाळ सुखात बसलं तरच आईबापाच्या घशाखाली घास उतरतो," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी मनातल्या मनात ताठ होत असे.

पुढे गर्दी वाढली, काकांना चुलीपुढून हलायला सवड मिळेना. मला दाराआड ठेवू लागले. माझ्या पाठीवर कुणी ओली छत्री अडकवी, कुणी पिशवी. बाळ आले की वाढणाऱ्या मावशी मला ओढून काढत आणि वरवर एक फडका मारत. माझी फळी ज्या दोन खाचांतून सरकते, त्या खाचांत भाताची शिते, शेवयांचे तुकडे, करीचे थेंब साचत गेले. मावशींचा दोष नव्हता. एकटी बाई, पाच टेबलांच्या हाका. आणि मलाही वाटायचे, थोडी कळकट झाले तर काय बिघडले?

काय बिघडते, ते एका रविवारी कळले.

त्या दिवशी सकाळी फोन आला. काका बराच वेळ नुसते "हो ताई, हो ताई" करत होते. फोन ठेवून ते मावशींना म्हणाले, "दोन वर्षांची पोर आहे. शेंगदाण्याचा एक कण पोटात गेला तरी श्वास अडकतो तिचा. म्हणून ती माणसं कधी बाहेर जेवलीच नाहीत. आज थोरल्याचा वाढदिवस आहे आणि त्याने आपलंच हॉटेल मागितलंय."

"मग नाही म्हणायचं ना," मावशी म्हणाल्या. "आपल्याकडे दाण्याचा कूट कुठे नाही?"

"हो म्हटलंय. आता लागा कामाला."

मित्रांनो, ती सकाळ काय सांगू! आमच्याकडे प्रत्येक टेबलावर भाजलेल्या दाण्यांच्या कुटाची वाटी असते. त्या साऱ्या वाट्या उचलून कपाटात गेल्या. काकांनी कोरे पातेले काढले, नवी पळी काढली, ओटा दोनदा धुतला. त्या पोरीचा भात आणि करी सगळ्यांच्या आधी शिजवून झाकून ठेवली. मावशींनी ॲप्रन बदलला, हात कोपरापर्यंत घासले. जणू लग्नघर. माझाही आनंद गगनात मावेना, कारण पाहुणी माझ्यावर बसणार होती.

आणि मग माझ्या लक्षात आले. आदल्या दुपारी एक गुटगुटीत गृहस्थ माझ्यावर बसले होते, वय दीड वर्ष. त्यांनी दाण्याची चटणी माझ्या फळीला फासली होती आणि अंगठ्याने खाचेत दाबून बसवली होती. ती अजून तिथेच होती. सगळी भांडी घासली गेली, पण मला कुणी भांडे समजत नव्हते. मावशींनी मला ओढले, ओला फडका फिरवला, वरची फळी चकचकीत झाली. मी ओरडू शकत नव्हते. लाकूड कितीही तळमळले तरी करकरण्यापलीकडे काय करणार?

ते लोक आले. पुढे उड्या मारत थोरला, मागे बाबा, आजी, आणि शेवटी आई, कडेवर ठकूला घेऊन. खांद्याच्या पिशवीत औषधे असावीत, कारण आत येताना पिशवीवरचा हात तिने एकदाही काढला नाही. ठकू मात्र खुशीत होती. दिव्याकडे बोट, पंख्याकडे बोट, माझ्याकडे बोट. "मी! मी तिथे!"

"बसव की तिला," आजी म्हणाल्या. "पोर बघ कशी झेपावतेय."

आईने पिशवीतून ओले रुमाल काढले आणि माझी फळी पुसू लागली. एकदा, दोनदा, कडेकडेने.

"झालं हिचं सुरू," बाबा हसून म्हणाले. "अगं, आत्ताच पुसलीय त्यांनी. आता काय खुर्चीचं ऑपरेशन करणार आहेस?"

"करू दे रे," आजी म्हणाल्या. "नाहीतर घरी जाऊन तुझं करेल."

थोरला खदखदून हसला. आई हसली नाही. तिने ठकूला बाबांकडे दिले, खाली वाकली आणि फळीच्या खालून बघितले. मग दोन्ही हातांनी फळी पुढे ओढली. सवय नसल्यामुळे मी अडले. तिने जोर लावला. फळी निघून तिच्या हातात आली आणि खाचेतून एक तपकिरी, चिकट ढेप टेबलावर पडली.

आईने ती रुमालात उचलून नाकाशी धरली.

"दाणे आहेत," ती हळूच म्हणाली.

ठकूचे हात अजून माझ्याकडेच पसरलेले होते. बाबांनी तिला घट्ट छातीशी धरले.

आईने रुमालाची घडी घातली, हात पुसले, पिशवी खांद्यावर घेतली. "चला. घरी जाऊ."

थोरल्याचे तोंड एवढेसे झाले. हट्ट नाही, रडणे नाही, तो मुकाट्याने चपला पायात नीट बसवू लागला. ते मला बघवेना.

काका चुलीपुढून धावत आले. त्यांनी रुमाल बघितला, मला बघितले. "ताई, चूक माझी. सगळं घासलं, ही डोक्यातच आली नाही. तुम्ही जाल तर मी अडवणार नाही. पण थोडा वेळ थांबलात, तर हिचा सांधा न् सांधा धुवून आणतो."

आईने थोरल्याकडे बघितले. मग बाह्या वर केल्या. "मी पण येते. माझ्या डोळ्यांसमोर."

आजी लगबगीने पुढे झाल्या. "आण ती पिशवी इकडे, मी सांभाळते. जा तू. तुझ्यासारखं नीट नाही जमणार कुणाला."

मागच्या अंगणात माझी आंघोळ झाली. कढत पाणी, साबण, नवा ब्रश. काकांनी फळी, पट्टा, स्क्रू सगळे सुटे केले. मावशी घासत होत्या, आई बोट फिरवून बघत होती. "इथे अजून," ती म्हणायची आणि मावशी पुन्हा घासायच्या. मध्येच मावशी म्हणाल्या, "सगळे तुम्हाला हसत असतील ना?"

"हसतात. हसू देत. मला फक्त ती श्वास घेताना दिसायला हवी."

मावशींनी माझा पट्टा तिसऱ्यांदा धुतला.

उन्हात वाळून मी परत आत आले तेव्हा मला नवीकोरी झाल्यासारखे वाटत होते. ठकू माझ्यावर बसली. काकांनी स्वतः झाकलेले पातेले उघडले. नारळाच्या दुधात शिजलेला पांढराशुभ्र भात, त्यावर पिवळीधमक करी, मऊ भोपळा. ठकूने पहिला घास हातानेच घेतला. अर्धा तोंडात गेला, अर्धा नाकाला. सगळे हॉटेल तिच्याकडे बघत होते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी तर चमचा हवेतच धरला होता.

ठकूने गिळले. थांबली. मग फळीवर दोन्ही हात आपटून म्हणाली, "अजून!"

थोरल्याने टाळ्या पिटल्या. बाबांनी दुसरा घास दिला, तिसरा दिला. आई मात्र तिच्या ओठांकडे, गळ्याकडे बघत बसली होती, एक हात माझ्या फळीवर घट्ट ठेवून. तिच्या बोटांची नाडी माझ्या लाकडात ठकठकत होती. वाटी अर्धी झाली. ठकू करीने माखली आणि स्वतःशीच गाऊ लागली. हळूहळू ती बोटे सैल झाली.

"तू पण खा गं आता," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

आईने हात उचलला आणि स्वतःची ताटली पुढे ओढून भात वाढून घेतला, चांगला भरपूर.

मित्रांनो, आता काका मला रोज सुटी करून धुतात आणि मी दाराआड नाही, खिडकीपाशी उभी असते. तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याला पुसाल तेव्हा दिसते तेवढेच पुसू नका, वाकून खालूनही बघा. आणि असे वाकून बघणारे माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याला हसण्याआधी जेवायला वाढा. त्याचे जेवण बहुतेक राहिलेले असते.