निगेटिव्हमधली आई

“हाई कोन शे?” शोभाबाईंनी विचारलं.

लॅपटॉपवर हेमकांतची आई होती, शोभाबाईंची सख्खी धाकटी बहीण. मावशीला नीट दिसत नसेल म्हणून हेमकांतने पडदा तिच्याकडे कलता केला. पण मोतीबिंदू काढल्यापासून मावशीला लांब बांधावरून जाणारी म्हैस कुणाची तेही कळायचं. तिने पुन्हा निरखून पाहिलं आणि सांगून टाकलं, “हाई मन्ही बहीन नही.”

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घ्यायला लोक हेमकांतच्या शहाद्याच्या स्टुडिओत लांबून येत. बिघडलेले रंग जागेवर आणण्यात आपला हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, असं तो स्वतःच म्हणत असे. तो दीड वर्षाचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचा विषय घरात निघेनासा झाला. तिचा एकुलता एक फोटो भिंतीवरच वाळवीने खाल्ला. यंदा वडील गेले, तेव्हा त्यांच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ही रंगीत निगेटिव्ह निघाली. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतल्या फोटोवाल्याने काढलेली, पाकिटावर आईचं नाव, तुळशी. चाळिशी ओलांडल्यावर हेमकांतने आईला पहिल्यांदा पाहिलं, तेही उलटं. केस फिकट नारिंगी, चेहरा काळसर निळा.

स्कॅन करून ती सुलटी केली तर सावल्या हिरव्या, उजेड तांबडा. अशा वेळी फोटोत खात्रीचं पांढरं काहीतरी शोधायचं आणि त्याच्या आधाराने बाकीचे रंग लावायचे, ही त्याची रोजची रीत. इथे पांढरं काही नव्हतंच. मागे रंगवलेला पडदा, अंगावर गडद लुगडं. मग त्याने अंदाजाने केलं, आणि त्याचा अंदाज म्हणजे सवय. गेलेल्या माणसाचा चेहरा जरा उजळ करा, असं गिऱ्हाईक सांगायचं. पुढेपुढे सांगावंही लागेना. परक्यांच्या आयांना लावलेला गोरेपणा त्याने स्वतःच्या आईलाही लावून टाकला होता आणि ते त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

कळसाडीला मावशीच्या ओसरीवरच तो पुन्हा कामाला लागला. लुगडं कसलं होतं, म्हणून त्याने विचारलं. जांभळं, वांग्यासारखं, असं मावशीने सांगितलं. लुगडं जांभळं झालं, पण आईचा चेहरा आजारी माणसासारखा हिरवट पडला. मावशीने मान फिरवली. चेहरा सावरला तर लुगडं मातकट. दुपारचा चहा निवून गेला. हेमकांतला रडू येईलसं वाटायला लागलं. लोकांना त्यांची माणसं परत देत आलो आणि स्वतःची आई हाताशी येऊन निसटते आहे, या विचाराने त्याचा जीव नुसता तुटत होता.

“मी तिले देखेलच नही, मावशी,” तो म्हणाला. “तूच सांग, कशी व्हती?”

मावशीने सांगायचा प्रयत्न केला. सावळी म्हणाली, मग नाही म्हणाली. गव्हाळ म्हणाली, तेही तिला पटेना. बहिणीचं चालणं तिला आठवत होतं, हसताना तोंडावर पदर धरणं आठवत होतं, पण रंगाला शब्द सापडेना. मग तिने पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली.

मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात कापसाच्या शेतात करपून गेलेला होता. वर, बाहीखालची कातडी सुरकुतलेली, पण रंगाने वेगळीच. नव्या गुळासारखी, किंचित तांबूस.

“हाई देख. आठे ऊन लागेल नही,” उन्हाने न शिवलेला तो दंड तिने लॅपटॉपला भिडवला. “आमना दोन्हीस्ना रंग एकच व्हता.”

हेमकांतने लुगड्याचा नाद सोडला. ते होईल तसं होवो. एकदा दंडाकडे, एकदा चेहऱ्याकडे बघत तो तांबडा रंग थोडा चढवी, निळा थोडा उतरवी. गालावरचा हिरवटपणा गेला, कपाळावरचा खोटा उजळपणा उतरला, आणि मग एका क्षणी मावशीचा दंड कुठे संपतो नि आईचा गाल कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं.

“तुळशे,” मावशी फोटोला म्हणाली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि बाही खाली ओढायला लागली. रंग जुळला होता, कामाला आता तिच्या हाताची गरज नव्हती.

“मावशी, हात काढू नको,” हेमकांत म्हणाला. “ऱ्हाऊ दे जरासा.”

तिने ठेवला. हेमकांत आता फोटोकडे नाही, तिच्या दंडाकडे पाहत होता.