गहिनीनाथचे बूट

माझी नणंद शिवकन्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला लागली ती एका बुटांच्या जोडापायी. एरवी ती एवढी सरळ, की पाहुण्यांच्या पंगतीत ‘वहिनी, आज भाजीत मीठ जास्त झालंय’ असं मोठ्यानं सांगायची आणि मी स्वयंपाकघरातून डोळे वटारायची. तीच पोरगी रोज सकाळी विमलबाईंच्या ओट्यासमोर सायकल थांबवून सांगायची, “लई मऊ हायेत काकू बूट. पायात हायेत का न्हाई ते बी कळत न्हाई.”

ते वर्ष दुष्काळाचं होतं. आमच्या गावात, चकलांब्यात, विहिरींचे तळ दिसायला लागले होते, टँकर कधी यायचा, कधी नाही. आमच्या दोन्ही गाई दूध संस्थेच्या चारा छावणीत दावणीला होत्या. मी त्याच संस्थेत दुधाचं फॅट तपासायची, पण तपासायला दूधच येत नव्हतं. मशीनवरचं फडकं मी धूळ झटकण्यापुरतंच काढत होते. अशा दिवसांत आमच्या घरात एकच गोष्ट पुढं जात होती, ती म्हणजे शिवकन्याची सायकल.

बीडच्या कोच सरांनी तिला रेसची एक जुनी सायकल मिळवून दिली होती. मार्चमध्ये औरंगाबादला निवड चाचणी होती. ज्या पोरींची निवड होईल त्यांना पुण्याच्या वसतिगृहात राहणं, खाणं, शिक्षण, सराव सगळं मिळणार होतं. माझे सासरे धोंडीराम यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, “निवड झाली तर खुशाल जा. न्हाई झाली तर उन्हाळ्यात लग्नाची तिथी धरायची. मंग रडायचं न्हाई.” मामंजी तसे दुष्ट नाहीत. पण एकदा बोलले की त्यांचं तोंड आणि कुलूप सारखंच.

आता बुटांचं सांगते. दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव आणि विमलबाई यांचा एकुलता एक मुलगा गहिनीनाथ पुण्यात शिकायला होता. तोही सायकल शर्यतीतला. तापाचं निमित्त झालं आणि पोरगं गेलं. हॉस्टेलवरून ट्रंक परत आली, तिच्यात हे बूट होते. कडक तळाचे, खाली पायडलात अडकवायची पट्टी, वरून आवळायचे पट्टे. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री आणि पायताण दान देतात. पुढची वाट उन्हाची असते, तिथं त्याचे पाय पोळू नयेत म्हणून. वर्षश्राद्धाला सुंदररावांनी नव्या चपला आणून ठेवल्या, तर विमलबाईंनी त्या बाजूला सारल्या. म्हणाल्या, “नव्या चपला माळ्यावर पडून राहतेत. माझ्या गहिनीचे बूट जो रोज पायात घालंल, त्यालाच द्यायचे.” आणि चारचौघांत त्यांनी ते शिवकन्याच्या हातात दिले.

तेव्हापासून सात-आठ महिने विमलबाई रोज ओट्यावर बसून तिची वाट बघायच्या. घास घशाखाली उतरत नव्हता त्या बाईच्या. शिवकन्या येऊन बूट मऊ आहेत म्हणाली, की उठून आत जायच्या आणि चहा घ्यायच्या. सगळ्या गावाला हे माहीत होतं.

मला खरं कळलं ते फेब्रुवारीत. खरकटी भांडी विसळलेलं पाणी मी झाडाला घालायला ठेवलं होतं, तर ही पोरगी न्हाणीत त्याच बादलीत पाय बुडवून बसलेली, डोळे मिटून. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तिनं पाय वर काढला. चवडा लालभडक. अंगठ्याचं नख काळंनिळं.

“ह्ये काय गं?”

“काय न्हाई वहिनी. लांब गेलं की जरा पोळतंय, मंग मुंग्या येतेत, मंग पायच आपला वाटत न्हाई.”

“अन् तू कावून बोलली न्हाईस?”

तिनं पाय पुन्हा पाण्यात बुडवला. आठ दिवसांत त्याचं फळ मिळालं. गेवराईच्या रस्त्याला समोर शेळी आडवी आली, हिचा बधिर झालेला पाय पायडलातून सुटेना, आणि ती सायकलीसकट आडवी झाली. गुडघा आणि कोपर सोलून निघालं. दुसऱ्याच दिवशी मी तिला धरून बीडला कोच सरांकडे नेलं.

सरांनी आधी तिचा पाय बघितला, मग बूट. आतली सुकतळी, म्हणजे पायाखालची पातळ गादी, बोटांनी उचलून बाहेर काढली. ती दबून कागदासारखी झाली होती. तिच्यावर टाच आणि पाच बोटांचे खोलगट ठसे होते, आणि ते शिवकन्याच्या पायापेक्षा चांगले मोठे होते.

“बूट हिला मोठा होतो,” सर म्हणाले, “म्हणून ही वरचे पट्टे आवळून बांधते. त्यानं रक्त अडतं. तरी पाय पुढं सरकतोच आणि सगळा जोर चवड्यावर येतो. उन्हात पाय सुजला की मग विचारूच नका. मधे उंचवटा असलेली जाड सुकतळी घातली तर पाय जागेवर बसेल, पट्टे सैल ठेवता येतील. खालची पट्टीही जरा टाचेकडं सरकवू. माझ्याकडं सुकतळी आहे, आत्ताच घालून देतो.”

काम एवढंसं होतं! माझा जीव भांड्यात पडला. पण शिवकन्यानं सरांच्या हातातून बूट अक्षरशः हिसकावला, सुकतळी परत आत सारली आणि म्हणाली, “न्हाई सर. ही काढायची न्हाई.”

परतीच्या एसटीत मी तिला खूप बोलले. निवडीला पंधरा-वीस दिवस उरलेत, पाय गेला तर सायकल गेली, सायकल गेली तर मामंजी तिथी धरायला मोकळे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “वहिनी, मी म्हणलं माझे पाय पोळतेत, तर काकूला काय वाटंल? गहिनीचे पाय पोळू नयेत म्हणूनच दिलेत ना ते? काकूला वाटंल तिकडं त्येचेच पाय पोळायलेत.”

माझा राग मात्र गेला नाही, तो दुसरीकडे वळला. घरी आले तर मामंजींनी भर घातली. “त्या सुकतळीवर पोराचा पाय उमटलाय. ती उपटून फेकायची? अन् आपल्या गाई कुणाच्या छावणीत हायेत, त्ये बी ध्यानात ठेव.” म्हणजे एकीला माया आडवी येत होती, दुसऱ्याला दावण. आणि आमचं घर एका बाईला मऊ मऊ सांगून रोज फसवत होतं. मला ते सहन झालं नाही.

दुपारी शिवकन्या झोपलेली बघून मी बूट पदराखाली घेतले आणि विमलबाईंच्या घरी गेले. त्या एकट्याच होत्या. बूट समोर ठेवले आणि सगळं सांगितलं. नख, बादली, शेळी, सरांनी काय म्हटलं, सगळं. एक शब्दही गाळला नाही.

मग त्यांनी बुटात हात घातला, अगदी पुढच्या टोकापर्यंत, आणि तो तसाच आत ठेवला.

“कधीपासनं पोळतंय?”

“पहिल्या दिवसापासनं, काकू.”

“अन् मी रोज चहा पेत होते,” त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. “कावून सांगितलं न्हाई गं मला? मी काय मेले होते का? आई हाये मी! पोराचे पाय पोळायलेत हे आईपासनं लपवून ठिवतेत का?”

त्यांनी सुकतळ्या स्वतःच्या हातानं काढल्या. ठशांवरून एकदा बोट फिरवलं, पदरात गुंडाळल्या आणि उठल्या. “जीप काढायला सांग. बीडला जायचंय.” सुंदरराव तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते. छावणीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ते स्वतःच जीप चालवायला बसले.

नव्या सुकतळ्या त्याच संध्याकाळी बसल्या. पट्टे सैल झाले, खालची पट्टी मागं सरकली. दोन दिवसांनी शिवकन्या पुन्हा सायकलीवर बसली आणि लांबचा पल्ला मारून आली. ओट्यासमोर थांबली आणि म्हणाली, “काकू, आता खरंच न्हाई पोळत.”

विमलबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “ह्येच तर तू रोज सांगायचीस,” म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा घेतला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चाचणीच्या आदल्या दिवशीही नाही. शिवकन्या शपथा घ्यायची, रडायची, मला साक्षीला बोलवायची. पण एकदा उडालेला विश्वास काय असा परत येतो? तिचं मला वाईट वाटायचं, आणि त्या बाईचं तर त्याहून जास्त.

चाचणीच्या दिवशी विमलबाई आमच्याबरोबर औरंगाबादला आल्या. ऊन नुसतं भाजत होतं. पोरी गेल्या आणि कितीतरी वेळानं परत दिसायला लागल्या. आमची दुसरी आली. कोच सर धावत आले, निवड झाली म्हणाले. मामंजींनी टोपी काढून डोळे पुसले, आणि मी तर जोरात ओरडलेच.

विमलबाईंना यातलं काही ऐकूच गेलं नाही. त्या गर्दीतून वाट काढत गेल्या, डांबरावरच बसल्या आणि शिवकन्याचा पाय मांडीवर ओढून बुटाचे पट्टे सोडायला लागल्या. बूट काढला, मोजा काढला. “काकू, न्हाई पोळत, खरंच,” शिवकन्या म्हणत होती. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी अंगठ्यानं चवड्याच्या मधोमध जोरात दाबलं. पायाकडे त्यांची नजरच नव्हती, त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या.

शिवकन्याला गुदगुल्या झाल्या. ती एकदम खुदकन हसली आणि पाय मागं ओढायला लागली.

विमलबाईंनी पुन्हा दाबलं. ती पुन्हा हसली, या वेळी तिला आवरेचना. तेव्हा कुठं त्यांनी तो पाय पोटाशी धरला आणि गहिनीनाथ गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.