जित्याचं पान

सर्वपित्री अमावास्येला कुणाच्या घरी गृहभेटीला जाऊ नये, एवढं शैलाताईंना कळत होतं. पण संस्थेतल्या पूर्वाने महिन्याच्या भेटी संगणकावर लावल्या होत्या आणि संगणकाला तिथी कळत नाहीत. म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या शैलाताई भर दुपारी वाघोलीतल्या त्या चार मजली इमारतीचा जिना चढत होत्या. इथे पूर्वी ज्वारी उभी असायची, हे त्यांना प्रत्येक मजल्यावर आठवत होतं.

सोनाली गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. खराडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती भांड्यांवर होती. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा ती या खोलीत राहायला आली आणि संस्थेतही आली; तेव्हापासून मुलीची फी आणि महिन्याचं धान्य संस्था देत होती. संस्था जुनी, विधवांसाठी काढलेली, नियमही तेव्हाचाच.

गच्चीवर पाऊल टाकलं तर सोनालीची ऋतिका, नऊ वर्षांची, कठड्यापाशी उकिडवी बसलेली. समोर ताटलीत भात, वरण, दुकानातून आणलेला एक वडा आणि कागदी द्रोणात खीर. शेजारच्या गच्च्यांवर कावळ्यांचा कालवा चालला होता. या ताटलीकडे एकही फिरकत नव्हता.

"आजी, हळू बोला," ती कुजबुजली. "आई झोपलीय. तिची रात्रपाळी होती."

पान कुणासाठी, हे विचारावं लागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बायडाबाईंनी तिला सांगितलं होतं, की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. आई काहीच करत नाही म्हणून गेल्या वर्षीपासून ती गुपचूप पान ठेवत होती. गेल्या वर्षीही शिवला नव्हता. तेव्हापासून बाबा पाण्याच्या टाकीमागे उभे असतात, असं तिने अगदी साधेपणाने सांगितलं. दिसत नाहीत, पण असतात. संध्याकाळी ती तिकडे पाठ करून बसत नाही. स्वतः खीर खाणं तिने सोडलं होतं. आईला त्रास देणार नाही, गणितात पहिली येईन, सगळं कबूल करून झालं होतं.

"त्यांना काय हवं असेल, आजी? माझ्यावर रागावलेत का?"

टाकीकडे बघायचं नाही असं ठरवूनही शैलाताईंची नजर तिकडे गेली. ऊन लख्ख होतं, तरी अंगावर काटा आला. त्यांनी आयुष्यात कितीतरी पोरक्या मुलांची समजूत घातली होती. त्यांनी हात जोडले आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "पोरीचं आम्ही बघू हो. काळजी करू नका. या."

तेवढ्यात दार उघडलं. सोनाली झोपेतून उठून आली होती. तिने ताटली पाहिली, जोडलेले हात पाहिले, आणि धावत येऊन ताटली उचलून छातीशी धरली. वरण अंगावर सांडलं.

"जित्या माणसाचं पान मांडतीस? जित्या माणसाचं?"

मग तिला शैलाताई दिसल्या. म्हणजे आधीही दिसल्या होत्या. आता संस्थेच्या म्हणून दिसल्या. ताटली तशीच धरून ती सांगू लागली.

नवरा दुसरी बाई करून सुरतेला गेला होता. संस्थेच्या दारात कुणीतरी सांगितलं, टाकलेलीला इथे काही मिळत नाही, मेला म्हण. ती म्हणाली. तोंडाने म्हणणं जमलं, पुढे पोरीलाही तेच सांगत राहिली. पण पान ठेवायला हात झाला नाही. "त्याला काय झालं असतं म्हंजी, ताई?" ती सारखी विचारत होती. "त्यानं कसं का वागंना."

शैलाताईंना संस्थेच्या शनिवार पेठेतल्या जुन्या ऑफिसचा लाकडी जिना ऐकू आला. त्या नव्या होत्या तेव्हा बायका वर यायच्या आणि मधल्या वळणावर पावलं थांबायची. तिथे पदराने कुंकू पुसून मग त्या आत यायच्या. ओल्या पदरावरचा तो लाल डाग आतल्या सगळ्यांना दिसायचा. पुढे लिफ्टवाली इमारत झाली, तरी ती थांबलेली पावलं शैलाताईंच्या कानातून गेली नव्हती.

त्यांनी पूर्वाला तिथूनच फोन लावला. नवरा हयात आहे, टाकून गेलाय, मदत चालू ठेवायची, असं लिही म्हणाल्या.

"मॅडम, तशी कॅटेगरीच नाहीये. सिस्टीम रिजेक्ट करेल."

"मग सिस्टीमला म्हणावं, सोमवारच्या बैठकीत माझ्यासमोर येऊन बस. ती सोडून बाकी सगळे येतातच."

सोनालीला त्यांनी खोटा धीर दिला नाही. फी बंदही होईल, म्हणाल्या. पण आधी त्यांना मला बंद करावं लागेल. सोनालीने मान हलवली. तिचं लक्ष ऋतिकाकडे होतं.

ऋतिका सगळं ऐकत होती. आता ती टाकीपाशी गेली, मागे जाऊन बघून आली. तिथे कुणी नव्हतं.

"बाबा आहेत?"

"हायेत."

"मग आपण इथे राहायला आलो, हे त्यांना कुणी सांगितलं का?"

शैलाताईंनी सोनालीकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. एवढं एक म्हण.

सोनालीने ताटली खाली ठेवली.

"ठाऊक हाय त्यांना," ती म्हणाली. "मीच कळवलं हुतं. आलो तवाच."

मेलेल्यांच्या वतीने बोलायची शैलाताईंना सवय होती. जित्या माणसाच्या वतीने त्या कधी बोलल्या नव्हत्या. ऋतिका पुन्हा कठड्यापाशी जाऊन बसली. मघापर्यंत ती आभाळाकडे बघत होती. आता ती खाली नगर रोडकडे बघू लागली, येणाऱ्या एकेका माणसाकडे. सोनालीने दोनदा हाक मारली, तरी तिने मान वळवली नाही.