मागच्या बाजूला दोन सह्या

एल्वेरा नॉर्लिनने जन्मात कुणाच्या दारात जाऊन काही मागितले नव्हते, आणि त्याचा तिला भारी गर्व होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती वृद्धाश्रमाच्या पायऱ्या चढली, ती हातात बेकरीचा खोका आणि पिशवीत दोन फोटो घेऊन. अडला हरी म्हणतात ना, तशी गत.

त्यांच्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, सव्वाशे वर्षे होत होती. जुन्या फोटोंचे पुस्तक शुक्रवारी छापखान्यात जायचे होते. याच वसंतात बंद पडलेल्या स्टुडिओच्या तळघरात एक पेटी सापडली आणि तिच्यात १९३६च्या मळणीचा फोटो निघाला. यंत्रापुढे अकरा गडी. डावीकडून चौथा अर्विड, एल्वेराचा धाकटा भाऊ. पुढच्याच सुगीत तो त्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. त्या हिवाळ्यात घरही जळाले आणि त्याचे होते नव्हते ते फोटो गेले. खरे सांगायचे तर साठ वर्षांत भावाचा चेहरा एल्वेराच्या आठवणीतून पुसला गेला होता. फोटो पाहताच तो परत आठवला आणि ती ढसाढसा रडली.

पण पुस्तकात नाव छापायचे तर फोटोच्या मागे दोन माणसांनी सही करावी लागे, की आम्ही याला ओळखत होतो.

"माझी एक पुरेल ना?" तिने पुस्तकाचे काम पाहणाऱ्या ग्रंथालयातल्या बाईंना विचारले.

"पुरली असती हो. पण नियम तुमचाच आहे. समितीच्या वहीत अक्षरही तुमचंच."

खरेच होते. पंचवीस वर्षांपूर्वी, शताब्दीच्या पुस्तकाच्या वेळी समितीवर एल्वेराचेच राज्य होते. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा फोटो पाहून नेटी हाव्रानेक म्हणाली होती, "ही माझी आई, बोझेना." एल्वेराला ते पक्के ठाऊक होते. बोझेनाच्या हातचे कोलाचे, म्हणजे आत आलुबुखाऱ्याचा गोड गर भरलेले पाव, खाऊनच ती लहानाची मोठी झाली होती. ते घरात यायचे मागच्या दाराने. पण मोलकरणीचे नाव बँकवाल्यांच्या नावांशेजारी छापणे तिच्या जिवावर आले. "एका सहीवर भागत नाही, नेटी," असे म्हणून तिने तिथल्या तिथे नियम लिहून टाकला. बाकीच्या जाणत्या बायकांनी मिठाची गुळणी धरली. फोटोखाली छापून आले: हॉटेलातील मोलकरीण, नाव अज्ञात.

आता मळणीच्या त्या गड्यांना ओळखणाऱ्या दोघीच उरल्या होत्या. एक एल्वेरा, आणि दुसरी त्यांना जेवण वाढणारी नेटी.

नेटी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती.

"अगंबाई, नॉर्लिनीण! वाट चुकलीस की काय?"

"कोलाचे आणलेत तुला."

नेटीने खोका उघडून वास घेतला. "दुकानातले. आईने कोंबड्यांनाही घातले नसते."

"नेटी, तेव्हा माझं चुकलं."

"चुकते ती बेरीज. तू माझ्या आईला ओळखत होतीस."

"हो, ओळखत होते."

"मोठ्याने बोल. ए गर्टी, कान इकडे कर, ही काय म्हणते ऐक!"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने मान वळवली. एल्वेराने ते वाक्य तिच्यादेखत पुन्हा म्हटले, लाल झालेल्या तोंडाने. मग याही पुस्तकात यायचा तो हॉटेलचा फोटो काढून तिने मागे बोझेनाचे पूर्ण नाव लिहिले आणि खाली सही केली. नेटीनेही केली आणि वरचे नाव तीनदा वाचले.

"आता शब्द फिरवणार नाहीस ना?"

"दोन सह्या झाल्या. आता कुणालाच फिरवता येत नाही."

"बरं झालं. दाखव तुझा फोटो."

नेटीने भिंग घेतले. "हा गस. हा लांबुडका ओले. हा दाढीवाला क्लाऊस, मेला ताटात कधी काही ठेवायचा नाही." तिचे बोट चौथ्या चेहऱ्यावर आले. एल्वेराने पेन पुढे केले. बोट पुढे सरकले. उरलेले सात गडी तिने एकेक करून नावाने सांगितले.

"आणि चौथा?"

"हा ना? हा नाही बाई ओळखू येत."

"अगं अर्विड! आपला अर्विड!"

"असेलही. पण एका सहीवर भागत नाही ना?"

"नेटी, दया कर. माझ्याकडे त्याचा दुसरा फोटो नाही गं."

"माझ्याकडे तरी आईचा कुठे होता?" नेटीने कोलाच्याचा एक तुकडा मोडला. दुकानातला असूनही चवीने खाल्ला.

एल्वेराने बराच वेळ विनवण्या केल्या. शेवटी ती फोटो पिशवीत घालून दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"त्याला कॉफीत तीन चमचे साखर लागायची. आणि हसला की डावा डोळा मिटायचा. बघ, फोटोतसुद्धा मिटलाय."

एल्वेराने दारातच फोटो बाहेर काढला. डावा डोळा मिटलेला होता. हे ती सख्खी बहीण असून विसरली होती, आणि पुन्हा पुन्हा पाहूनही तिला ते दिसले नव्हते. ती झटकन वळली. नेटी खिडकीकडे तोंड करून दुसरा कोलाचा खात होती.

शुक्रवारी फोटोंखालचा मजकूर एल्वेरानेच टाइप केला, कारण त्या कामात तिचा हात धरणारे काउंटीत दुसरे कुणी नव्हते. बोझेना हाव्रानेक हे नाव तिने एकही अक्षर न चुकवता टाइप केले. मग मळणीचा फोटो घेतला, डावीकडून चौथ्यापर्यंत आली आणि लिहिले: गडी, नाव अज्ञात.