रोमच्या खोलीतली चूल

मानवतच्या राजेश्रीला छोट्या खोल्या करायचा नाद होता. मिठाईचं रिकामं खोकं आडवं ठेवून त्यात ती जुन्या काळातली, दूरच्या मुलखातली एखादी खोली उभी करायची. आइस्क्रीमच्या काड्यांचे पलंग, काडेपेटीची कपाटं, ब्लाउजच्या चिंध्यांचे गालिचे. मोबाइलवर चित्रं बघून तिने जपानी खोली केली, विलायती दिवाणखाना केला, निजामाच्या काळातली बैठकही केली. पलंगावर मांडलेली खोकी हलवायला नकोत म्हणून नवरा परमेश्वर खाली झोपू लागला.

प्रत्येक खोली आधी सासूच्या, बायनाबाईंच्या नजरेखालून जायची. चष्मा लावून त्या खोक्यात डोकं घालायच्या आणि उद्याच तिथं राहायला जायचं असल्यासारखी चौकशी करायच्या. जपानी खोली त्यांना लगेच पटली. "खालीच बसतेत, खालीच निजतेत. आपल्यासारखेच हायत की." विलायती दिवाणखाना बघून म्हणाल्या, "एवढ्या सामानात झाडू कुठून मारायचा?"

मग परभणीच्या हस्तकला प्रदर्शनासाठी राजेश्रीने रोमची जेवणाची खोली केली. तीन पलंग, मध्ये मेज, पलंगांवर शाडूची माणसं लवंडलेली.

"ही आजारी हायत का?" बायनाबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्या. रोमचे श्रीमंत लोक असंच आडवं पडून जेवायचे."

"अन् सैपाक कुठं चाललाय?"

"तो दुसऱ्या खोलीत."

"ती दाखव."

"ती केली न्हाई."

बायनाबाईंना ते लागलं.

प्रदर्शनाला दोघी एसटीने गेल्या. टेबलावर राजेश्रीने खोक्यावरची ओढणी काढली. रोमच्या कोपऱ्यात तिने न केलेली मातीची चूल होती. चुलीवर तवा, तव्यात भाकरी, आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई.

काढायला वेळच नव्हता. परीक्षक, इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, समोर येऊन वाकले होते.

"ही चूल?" त्यांनी विचारलं.

राजेश्रीच्या आधी बायनाबाई बोलल्या. "हे पडून खायलेत, पर कुणी करून घालायला पायजे का न्हाई?"

"ते खरं, आजी. पण रोममध्ये ज्वारी नव्हती."

"म्हणूनच आडवे पडलेत."

सर मान खाली घालून हसत राहिले. त्यांचं हसू बघून लोक गोळा झाले. मग दुपारभर बायनाबाई येईल त्याला रोम समजावून सांगत होत्या. त्यातलं निम्मं चूक होतं. राजेश्रीने आपली खुर्ची टेबलापासून लांब ओढून घेतली.

पहिलं बक्षीस कुणाच्या तरी थर्माकोलच्या किल्ल्याला गेलं. सर जाताना पलंगांचे पाय सुबक झालेत म्हणाले, तेवढंच.

परतीच्या एसटीत राजेश्री खिडकीकडे तोंड करून बसली. बायनाबाईंनी पेरू पुढे केला, तिने घेतला नाही. पेडगाव मागे पडलं. मग मांडीवरच्या खोक्यात तिने नीट बघितलं. भाकरीला पापुद्रा सुटलेला होता. बाईच्या हातात बांगड्यासुद्धा होत्या.

"आत्या," ती न राहवून म्हणाली, "तव्याला काय लावलंत?"

"तुझ्या पर्सचं बटन."

राजेश्रीने पर्स बघितली. ती सकाळपासून उघडीच होती. तिला इतकं हसू आलं की कंडक्टर मागे वळून बघायला लागला.