दोन्ही हात वर

डहाणूच्या उत्तरेला चिकूच्या वाड्या थेट रुळाला येऊन टेकतात, तिथल्या फाटकावर दशरथने बत्तीस वर्षं झेंड्या दाखवल्या. बत्तीस वर्षांत त्याची एकच झेंडी गेली आणि ती म्हशीने खाल्ली. लाल झेंडी, दांड्यासकट! ती चघळत म्हैस रुळाच्या मधोमध उभी, समोरून सिमेंटची मालगाडी धाडधाड येतेय आणि दशरथचे हात रिकामे. मग रेल्वेने शिकवलं होतं तेच त्याने केलं. झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करायचे आणि ड्रायव्हरच्या तोंडासमोर उभं राहायचं. त्याचा अर्थ एकच, थांब. गाडी थांबली ती म्हशीच्या शिंगांपासून रुळाखालच्या अकरा स्लीपरांवर. नऊ म्हणणारेही आहेत. म्हशीने सावकाश मान वळवून इंजिनाकडे पाहिलं आणि उरलेला दांडा थुंकला.

त्या इंजिनात होता रविंद्र. दोघे रिटायर झाले, दोघांचे गुडघे गेले, पण रविंद्रची एक सवय गेली नाही. चारचौघांत दशरथ दिसला की तो ओरडायचा, "काय म्हशीचे गेटमन, झेंडी पचली का तिला?"

दशरथ तरुणपणी रेल्वेकडून बॉक्सिंग खेळला होता. रिटायर झाल्यावर त्याने चिकूच्या खोक्यांच्या एका रिकाम्या शेडमध्ये पोतं टांगलं आणि पोरांना ठोसे शिकवायला बसला. सगळं हसतखेळत चाललं होतं, चार वर्षांपूर्वीच्या चिंचणीच्या स्पर्धेपर्यंत.

तिथे उमेश नावाचा मासेमारांचा पोरगा खेळत होता. त्याच्या कोपऱ्यात मोठे कोच होते आणि दशरथ त्यांच्या मदतीला. टॉवेल दशरथच्या हातात होता. लढतीत कोपऱ्यातून पांढरा टॉवेल रिंगणात पडला की रेफरी खेळ बंद करतो, त्या कोपऱ्याचा माणूस हरला असं मानतो. उमेश मार खात होता. दशरथने कोचकडे पाहिलं. कोच म्हणाले, "वीस सेकंद राहिलेत, उभा आहे ना अजून?" दशरथने टॉवेल मुठीत आवळला आणि वीस सेकंद मोजले. उमेश स्वतःच्या पायांनी स्टुलापर्यंत आला, बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, लाईट का घालवली?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं.

उमेश तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून घरात लाईट गेली आणि कुणी "लाईट गेली" म्हणालं की दशरथचे तळहात ओले होतात. बायको म्हणते इन्व्हर्टर बसवला तो त्यापायीच.

तर यंदाच्या जानेवारीत तलासरीला मैदानावर स्पर्धा भरली. दशरथ जीवनला घेऊन निघाला. जीवन बावीस वर्षांचा, पाड्यावरचा, आई हिरीबरोबर भाताची मजुरी करून वाढलेला. डावा हात असा की पोत्यातला भुसा दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा. ही स्पर्धा जिंकली की जिल्ह्याचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूची जागा. गेलं वर्षभर जीवन झोपेतसुद्धा "सर, हजर!" म्हणतो, असं हिरी सांगायची.

वाटेत चारोटीला चहा-उसळीला थांबले. जीवनने उसळीवरचं लिंबू उचललं आणि चहात पिळलं. चहा फाटला. तो फाटलेला चहा त्याने शांतपणे पिऊन टाकला.

"अरे, काय मावशीकडची रेसिपी का ही?" दशरथ हसला.

"चांगला लागतो, काका," जीवन म्हणाला.

हसू ओठांवर होतं तोवरच दशरथला शेड आठवली. आठ दिवसांपूर्वी शेडमध्ये सराव करताना जीवनच्या कानशिलावर एक ठोसा बसला होता. तो खाली बसला, क्षणभर इकडेतिकडे बघत राहिला. "ऊन लागलं, काका." शेडमध्ये कुठलं आलंय ऊन? पण दशरथने त्याला ताक पाजलं आणि घरी पाठवलं. ऊन लागलं म्हटलं की आपल्याकडे प्रश्न मिटतो. कांदा ठेवा, ताक द्या, झोपवा.

मैदानावर फॉर्म भरायचा होता. आठवा प्रश्न : गेल्या तीस दिवसांत डोक्याला मार लागला आहे का? होय लिहिलं की डॉक्टर खेळू देत नाही. फॉर्मपलीकडे जीवन उभा होता, केस ओले करून, भांग पाडून, भरतीच्या फोटोला उभा राहावा तसा. दशरथने "नाही" लिहिलं. खाली सही केली. सही करताना पेन थांबलं होतं, एवढं मात्र खरं.

रिंगण मंडपाच्या फळ्यांवर उभारलं होतं, छातीएवढ्या उंचीवर. मागे डीजेच्या पेट्यांची भिंत. घंटेच्या जागी शाळेत असतो तसा रुळाचा तुकडा टांगलेला, आणि तो वाजवायला, हातात स्टॉपवॉच आणि लोखंडी खिळा घेऊन, टाइमकीपर म्हणून कोण बसलेला? रविंद्र.

"या गेटमन!" तो ओरडला. "आज म्हैस नाही ना आणली?"

"तुम्ही आहात की, ड्रायव्हरसाहेब. दुसरी कशाला?"

आजूबाजूचे हसले. दशरथ बादलीत पाणी भरू लागला. बादलीच्या कडेवर त्याने टॉवेल घडी करून ठेवला होता. नवा, पांढरा, घरून धुऊन आणलेला. चार वर्षं तो प्रत्येक स्पर्धेला स्वतःचा टॉवेल नेतो आणि कुणालाच हात लावू देत नाही.

तेवढ्यात आयोजकांतला एक माणूस घाईघाईने आला. स्टेजवर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार चालू होता. टॉवेल, टोपी, नारळ. "मास्तर, एक टॉवेल कमी पडला हो. पाहुणे उभेच आहेत. दोन मिनिटांत परत आणतो."

"अहो, तो रिंगणाचा..." दशरथ म्हणेपर्यंत टॉवेल गेला. माईकवर नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या आणि दशरथचा टॉवेल पाहुण्यांच्या खांद्यावर बसला. सत्काराचा टॉवेल मागायला कोण जाणार? पाहुणे समोरच्या सोफ्यावर बसले, रिंगणाच्या पार पलीकडे. डॉक्टरीणबाई श्रुतिका यांनाही आयोजकांनी मानाने त्याच सोफ्यावर बसवलं, रिंगणापासून वीस पावलं लांब, नारळ मांडीवर देऊन.

समोरचा खेळाडू होता उंबरगावचा नविन, लांब हाताचा. रेफरी शैलेश, बोर्डीच्या शाळेतला खेळाचा शिक्षक, नियमाला कडक. रुळाचा तुकडा वाजला.

पहिला राऊंड जीवनने मारला. पाड्यावरून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, त्यांचे ओरडून ओरडून घसे बसले. दशरथला मात्र एकच गोष्ट दिसत होती. जीवन उजवीकडे वळायच्या आधी जरा थांबत होता, जसा माणूस अंधारात पायरी चाचपतो.

दुसऱ्या राऊंडला नविनचा सरळ ठोसा कपाळावर बसला. फार जोरात नव्हता. जीवन गुडघ्यावर आला. शैलेशने आठपर्यंत मोजलं, बोटं दाखवली, विचारलं. जीवनने मान हलवली, ठीक आहे. राऊंड संपला तेव्हा तो आपल्या कोपऱ्याकडे येताना आधी नविनच्या कोपऱ्याकडे दोन पावलं गेला.

लोक हसले. दशरथने स्टुलावर थाप मारून त्याला बोलावलं.

"जीवन, माझ्याकडे बघ. आज वार कोणता?"

"काका, पाणी."

"वार सांग."

"पाणी द्या ना, काका." आणि मग हळूच, "बंद नका करू. आई आलीय."

हिरी खरंच आली होती. ती माणसांच्या मधून वाट काढत कोपऱ्यापर्यंत पोचली होती, पदर दातात धरून. मागूनच तिने दशरथचा शर्ट ओढला. "मास्तर, सकाळपासून तो ओकतोय. दोनदा ओकला. म्हणे, सांगू नको. ऊन लागलंय ना त्याला?"

दशरथ काही बोलायच्या आत रुळाचा तुकडा वाजला आणि जीवन उठून गेला.

आता आठ दिवस, चहातलं लिंबू, फॉर्मवरचं "नाही", सगळं एका रांगेत उभं राहिलं, मालगाडीच्या वाघिणीला वाघीण जोडावी तसं. दशरथने बादलीकडे हात नेला. कडेवर टॉवेल नव्हता. पलीकडे सोफ्यावर प्रमुख पाहुणे त्याच टॉवेलाने मान पुसत होते.

"शैलेश सर! थांबवा!" तो ओरडला. डीजेच्या पेट्यांनी ते गिळून टाकलं. त्याने स्पंज उचलून रिंगणात फेकला. शैलेशने तो पायाने बाहेर सारला. सकाळीच त्याने माईकवर वाचून दाखवलं होतं, पांढरा टॉवेलच ग्राह्य धरला जाईल, बाटली, स्पंज, चप्पल काही नाही. दशरथने फळीवर चढायला गुडघा टेकवला. गुडघ्याने जागेवरच नकार दिला. वर जीवनचा डावा हात खाली यायला लागला होता. आधी खांद्याखाली, मग छातीखाली. चिंचणीलाही डावाच हात आधी खाली आला होता.

आणि दशरथच्या अंगातला कोच कुठे गेला कोण जाणे. उरला तो फाटकावरचा माणूस. तो मागे सरला, सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर उंच केले.

मैदानाने ते पाहिलं. कोच दोन्ही हात वर करतो म्हणजे काय? जिंकलो! पाड्यावरच्या दोन टेम्पोंनी दोन्ही हात वर केले. डीजेवाल्याने आवाज वाढवला. पाहुण्यांनीही टॉवेलसकट हात वर केले. जीवनने कोपऱ्याकडे पाहिलं, काका खूश आहेत. तो हसला, दातांवरचं रबर दिसेल इतका, हात सोडून दिले आणि पुढे निघाला, थेट नविनच्या उजव्या हातासमोर. दशरथ हात खाली घेऊ शकत नव्हता. घेतले तर झेंडी पडली. ठेवले तर पोरगं मरतं. शंभर माणसं हात वर करून नाचत होती आणि त्यांच्या मधोमध एकटा तो थांबवत होता.

टण्ण.

टण्ण, टण्ण, टण्ण.

रुळाचा तुकडा वाजत होता. नविनचा निघालेला हात हवेत थांबला. शैलेश मध्ये पडला. घड्याळात अजून एक मिनिट दहा सेकंद बाकी होते आणि रविंद्र खिळा हाणत सुटला होता, डोळे दशरथवर खिळलेले, चेहरा पांढराफटक.

"टाइमकीपर! काय चाललंय?" शैलेश कडाडला.

"मला काय विचारता?" रविंद्र म्हणाला. खिळा त्याने अजून सोडला नव्हता. "समोर दोन हात दिसले. माझा हात ब्रेकवर गेला."

मैदानात शिव्या सुरू झाल्या. उंबरगाववाले म्हणत होते चीटिंग, पाड्यावरचे म्हणत होते चीटिंग, खुर्च्या सरकल्या. या सगळ्यातून जीवन सावकाश आपल्या स्टुलावर येऊन बसला. हिरीने त्याच्या पायाला हात लावला. त्याने मान वर केली, डोळे मंडपाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे, आणि दशरथला विचारलं,

"काका, लाईट गेली का?"

दशरथने ओरडून डॉक्टरीणबाईंना हाक मारली. अशी हाक की डीजे बंद पडला. काहीजण सांगतात वायर तुटली, काहीजण सांगतात हाकेनेच. श्रुतिका नारळ टाकून धावली. तिने जीवनच्या डोळ्यांत टॉर्च मारला, एकात, मग दुसऱ्यात, आणि पुन्हा पहिल्यात. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "गाडी लावा. आत्ता."

ॲम्ब्युलन्समध्ये तिच्या हातात तोच फॉर्म होता. हायवेवरचे ट्रक मागे पडत होते. "याला आधी डोक्याला मार लागला होता? इथे नाही लिहिलंय. खरं सांगा, ऑपरेशनवाल्यांना लागेल."

हिरी समोर बसली होती, जीवनचा बूट मांडीवर घेऊन. तिने दशरथकडे पाहिलं. "ऊनच लागलं होतं ना, मास्तर?"

हो म्हटलं असतं तर त्या बाईला तेवढाच आधार होता. दशरथला स्वतःलाही होता.

"नाही, हिरीबाई. मार लागला होता. आठ दिवसांपूर्वी, माझ्या शेडमध्ये, माझ्यासमोर. 'नाही' मी लिहिलं."

 हिरीने बूट दुसऱ्या बाजूला ठेवला, दशरथपासून लांब.

वापीच्या बाजूला मोठ्या इस्पितळात त्याच संध्याकाळी जीवनची कवटी उघडली. आत रक्त साचलं होतं, जुनं आणि नवं. सर्जन म्हणाले, अजून एक ठोसा बसला असता तर आणायची गरज पडली नसती. जगेल का, यावर म्हणाले, बघू. हात-पाय चालतील का, यावरही म्हणाले, बघू.

दशरथने बॉक्सिंग संघटनेला स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आठव्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं. त्याची कोचची परवानगी गेली. जीवनचं प्रमाणपत्र गेलंच होतं. प्रमुख पाहुण्यांनी टॉवेल धुऊन, इस्त्री करून पाठवला. तो घेऊन दशरथ चार दिवस आयसीयूच्या काचेबाहेर बाकावर बसून राहिला. हिरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. रविंद्र डबा आणायचा, दोघांच्या मध्ये ठेवायचा. म्हशीचं नाव त्याने चार दिवसांत काढलं नाही, आणि दशरथला त्याचीच भीती जास्त वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी जीवनने डोळे उघडले. काचेतून त्याला दशरथ दिसला. तो बघत राहिला, ओळख पटायला वेळ लागावा तसा. मग त्याने उजवा हात चादरीतून काढला आणि हळूहळू डोक्यावर उंच केला. जिंकलो ना, काका?

डावा हात चादरीवर तसाच पडून होता.

हिरी उठून काचेला टेकली. रविंद्र डबा हातात धरून उभा राहिला. दशरथ काही त्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्या डाव्या हातावर होती. जुन्या काळी सिग्नलचा लोखंडी हात हलण्याची वाट बघत तो असाच उभा राहायचा, श्वास धरून, मागे फाटकावर सगळं गाव खोळंबलेलं.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग करंगळी हलली. किंवा पंख्याने चादर हलली असेल. दशरथने टॉवेल तोंडात धरला आणि पुन्हा बघायला लागला.