दहापैकी किती?

"दोन!" लाकडी जिन्याच्या आठ पायऱ्या चढून-उतरून आलेले कंडक्टरमामा म्हणाले. "दहापैकी नुसते दोन. ताई, तुमच्या हाताला गुण आहे हो."

ताईंनी तक्त्यात दोन लिहिले. दवाखान्याच्या व्यायामखोलीत गुडघ्यांना पट्ट्या लावण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. पद्धत ठरलेली. आधी पातळ पांढरी पट्टी, तिच्यावर कडक तपकिरी. अंगठ्यानं गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला ढकलायची आणि पट्टी अशी खेचून बसवायची, की वाटीची काय बिशाद जागची हलायची! नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आल्या आल्या ताणली जाणारी निळी पट्टी आणली. गुडघा वाकवायचा, वाटीच्या दोन्ही बाजूंनी ती अलगद चिकटवायची, खेचाखेची नाही. ताईंना तो सगळा पोरखेळ वाटला. शेवटी दोघींनी तुलनाच करायचं ठरवलं. माणसं तीच, एक आठवडा निळी, एक आठवडा तपकिरी. जिना उतरताना किती दुखलं ते त्यांनी दहापैकी सांगायचं. जी हरेल ती पट्टी खोलीतून जाणार.

निळीची सरासरी पाच आली होती. तपकिरीची दोन चालली होती. ताईंनी खरं तर खूश व्हायचं, पण त्यांना चैन पडत नव्हतं. मामा उतरताना कठडा घट्ट धरतात, हे त्यांना दिसलं होतं. दिसलं आणि त्यांनी मान वळवली होती.

डॉक्टरीणबाईंनी वळवली नव्हती. मामा गेल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, रागावू नका. तपकिरी तुम्हीच लावता आणि आकडाही तुम्हीच विचारता. तुमच्या तोंडावर कोण सात म्हणेल?"

"म्हणजे माणसं खोटं बोलतात?"

"माया करतात तुमच्यावर. पुढच्या वेळी मी विचारते. तुम्ही पडद्यामागे थांबा."

ताईंच्या डोक्यात जी भुणभुण सुरू झाली ती थांबेना. घरी दूध उतू गेलं. नवऱ्यावर त्या उगीचच खेकसल्या.

"काय बिनसलंय तुझं?" त्यानं विचारलं.

"मला सांग, मी तुला किती त्रास देते? दहापैकी?"

"दोन," पेपरमधून डोकं वर न काढता तो म्हणाला. ताईंचं डोकं आणखीच फिरलं.

दोन दिवसांनी मामा पट्टी बदलायला आले. ताईंनी वाटी ढकलली, पट्टी खेचली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग "आलेच" म्हणून त्या पडद्यामागे गेल्या. तिथं त्यांचा पाय ठरेना. पलीकडे मामांची पावलं वाजत होती, एक हलकं, एक जड. उतरताना मध्येच ती थबकली.

"किती, मामा?" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"ताई कुठं गेल्या?"

"कामात आहेत."

"मग खरं सांगतो. सात. त्या निळीला पाच म्हटलं होतं ना, ते खरं होतं. पण तुम्ही आपलं दोनच लिहा. चार वर्षं झाली, बिचारी जीव ओतून पट्टी लावते. तिला कसं सांगू, की दुखतंय म्हणून?"

ताईंच्या कानशिलांना चटके बसले. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस चार वर्षं दुखरा गुडघा घेऊन हसत घरी जात होता! लाज वाटली त्यांना, आणि संतापही आला, स्वतःचाच. त्या तरातरा बाहेर आल्या. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

ताईंनी तक्ता ओढला आणि सात लिहिले. मग वरच्या ओळीतला आकडा खोडला.

"आणि परवाचे किती?"

मामा खाली बघत म्हणाले, "सातच."

तेही लिहून ताईंनी ओल्या बोळ्यानं तपकिरी पट्टीची कड भिजवली आणि केस ओढले जाणार नाहीत अशी ती हळूहळू सोडवली. खाली लालभडक वळ उठला होता.

"ती निळी कशी कापायची, दाखवा जरा," मान वर न करता त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मामा, गुडघा वाकवा. आणि दुखलं की सांगायचं."

मामांनी गुडघा वाकवला. दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"दुखतंय," ते हळूच म्हणाले.

"कुठं?" ताईंनी विचारलं. चार वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.